निळी वायर नक्की कुणाची? पॅनल वायरिंगचे रंग, आकडे आणि देशोदेशींचे नियम

तारेवरची_कसरत (जळगाव)
राम राम मंडळी. डाळ मिलमध्ये दोन पॅनल शेजारी शेजारी उभी आहेत. एक इथल्याच एमआयडीसीत बनलेलं एमसीसी, म्हणजे मोटारी चालू-बंद करायचं पॅनल. त्यात फेजला लाल-पिवळा-निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. दुसरं कलर सॉर्टरबरोबर (रंगावरून दाणे निवडणारं मशीन) युरोपातून आलेलं. त्यात तपकिरी-काळा-करडा फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. वायरमन म्हणतो आतल्या सगळ्या वायरी आपल्या रंगाच्या करून घ्या, एकदाची कटकट मिटेल.

दुसरी गोष्ट. ग्रेडिंग मशीनची दोन पॅनल इथे बनून बाहेर जाणार आहेत, एक युरोपात, एक अमेरिकेत. प्रत्येकात ७.५ किलोवॅटचा एक ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारा), चार डीओएल मोटारी (थेट सप्लायवर सुरू होणाऱ्या) आणि छोटा पीएलसी (मशीन चालवणारा संगणक).

प्रश्न तीन. आलेल्या पॅनलच्या वायरी बदलायच्या का? जाणाऱ्या पॅनलना कुठली पद्धत धरायची? आणि तिन्ही ठिकाणी चालेल अशी एकच पद्धत असते का?

फेज_क्रम
पहिल्याचं उत्तर ठाम नाही. आतली एकही वायर बदलू नका. ड्रॉइंग, वायर नंबर आणि रंग तिन्ही एकमेकांना धरून असतात. त्यातलं एक हललं की पुढचा माणूस फसला.

खरा धोका आत नाहीच, दोन पॅनल जोडणाऱ्या केबलच्या टोकाला आहे. आपले आर-वाय-बी फेज म्हणजे त्यांचे एल-१, एल-२, एल-३. रंगावर विसंबून जोडणारा काय करतो बघा. तपकिरी म्हणजे लाल असणार, करडा उरला म्हणून पिवळ्याला, काळा आपला न्यूट्रल आणि निळा बी फेज. झालं. युरोपच्या पॅनलचा न्यूट्रल बी फेजवर गेला आणि एल-२ आपल्या न्यूट्रलवर. मोटारीला दोन जोड्यांवर २४० आणि एकीवर ४१५ मिळतात, ती गुरगुरते. पण ती ओव्हरलोडवर ट्रिप व्हायच्या आधीच २३० ची एसएमपीएस (डीसी बनवणारा सप्लाय) आणि कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटार जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या, कॉइली एल-१ आणि 'न्यूट्रल'मध्ये ४१५ खाऊन बसलेल्या असतात.

म्हणून मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद ठेवून त्याच्या येणाऱ्या बाजूला मीटर लावायचा. तिन्ही फेज ते न्यूट्रल २३० ते २४० यायला हवेत, फेज ते फेज ४०० ते ४१५, न्यूट्रल ते अर्थ जवळपास शून्य. दोन ठिकाणी ४१५ आणि एका ठिकाणी २४० दिसलं तर निळीचा घोटाळा झालाय, दुसरं काही शोधू नका. आणि हे मीटरनेच बघायचं. टेस्टरचा दिवा २४० लाही पेटतो, ४१५ लाही.

केळीचा_घड
म्हणजे निळी वायर ही सासर-माहेर दोन्हीकडची. कुठल्या गावाला आहे त्यावर नाव बदलतं.

धुळ्याची_डिझायनर
तीन गावं आहेत, दोन नाहीत. मशीनच्या पॅनलसाठी युरोप जे मानक धरतं त्यात, म्हणजे आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६०२०४-१ मध्ये, पॉवरच्या वायरी काळ्या, एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळी. निळीच, पण तिथे ती २४ व्होल्टची! त्यामुळे युरोपचे पॅनलवाले न्यूट्रलला फिका निळा आणि डीसीला गडद निळा घेतात. मिलच्या ट्यूबलाइटच्या उजेडात आणि धुळीच्या थराखाली हा फरक किती दिसतो ते तुम्हीच ठरवा.

तपकिरी-काळा-करडा येतो तो येणाऱ्या केबलला. पॅनलच्या आत तीनही फेज काळे दिसले तर घाबरू नका, चूक नाही.

आणखी एक. यातली काळा-लाल-निळा-नारिंगी ही यादी शिफारस आहे, सक्ती नाही. अर्थचा हिरवा-पिवळा मात्र दुसऱ्या कशालाच वापरता येत नाही, आणि न्यूट्रल रंगावरून ओळखायचा असेल तर तो निळाच. बाकी ग्राहकाशी ठरवून ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर लिहा.

नारिंगी विसरू नका. मेन आयसोलेटर पाडल्यावरही जी वायर जिवंत राहते ती नारिंगी. आतला दिवा, सॉकेट, दुसऱ्या पॅनलमधून आलेला इंटरलॉक. आपल्याकडे या वायरीला वेगळा रंग देण्याची पद्धत फारशी नाही, आणि शॉक लागतो तो बहुतेक इथेच, कारण माणूस समजून चालतो की मेन बंद म्हणजे सगळं बंद.

खटक्यावर_बोट
आपले लाल-पिवळा-निळा मुळात साहेबाचे. त्याने स्वतः सोडले, २००६ पासून ब्रिटनमध्ये नव्या कामाला तपकिरी-काळा-करडाच. आपण वारसा जपतोय.

दीपनगरी
रंगाचं एवढं काय घेऊन बसलात? पॉवर हाउसच्या पॅनलमध्ये कंट्रोलची प्रत्येक वायर करडी. हजार वायरी, एकच रंग. कुणी अडत नाही, कारण क्रॉस फेरूल असतं. वायरीच्या प्रत्येक टोकाला आपला स्वतःचा टर्मिनल नंबर आणि पलीकडच्या टोकाचा पत्ता, दोन्ही. वायर सुटून हातात आली तरी ती कुठे लावायची आणि तिचं दुसरं टोक कुठे आहे हे ड्रॉइंग न उघडता कळतं. रंगाने फक्त जात कळते, नंबराने माणूस कळतो.

सीटीच्या (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरच्या) वायरी मात्र २.५ चौरस मिमीच्या आणि लाल-पिवळा-निळा-काळा. बाकी कंट्रोल १.५. सीटीचं सेकंडरी चालू लोडवर उघडं सोडायचं नाही, आधी शॉर्टिंग लिंक टाकायची, मग मीटर काढायचा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहितो.

फेज_क्रम
@दीपनगरी, नंबराबद्दल पूर्ण सहमत. पण रात्री दोन वाजता गिरणी बंद पडल्यावर आधी रंग दिसतो, नंबर चष्मा लावल्यावर.

लग_लावा
फेरूलवरून आठवलं. बाहेरच्या ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'सर्व वायरींना फेरूल लावा' असं असतं. आपला पॅनलवाला म्हणतो, लावलेत की, सगळ्यांना नंबर आहेत! दोघंही खरं बोलतात. आपल्याकडे फेरूल म्हणजे नंबराची नळी, त्यांच्याकडे फेरूल म्हणजे वायरीच्या टोकाला दाबायची तांब्याची टोपी, जिला आपण पिन लग किंवा एंड स्लीव्ह म्हणतो. ऑर्डर घेताना हा शब्द आधी सोडवून घ्या, नाहीतर पाचशे टोकं पुन्हा उघडावी लागतील.

टोपीचे रंग जर्मन पद्धतीत मापावर ठरलेले: ०.५ पांढरी, ०.७५ करडी, १ लाल, १.५ काळी, २.५ निळी, ४ पुन्हा करडी, ६ पिवळी. हा रंग मापाचा, फेजचा नाही. फ्रेंच पद्धतीची टोपी आली की रंग बदलतात, म्हणून एका पॅनलमध्ये दोन पाकिटं मिसळू नका.

केळीचा_घड
तिथेही निळी! २.५ ची.

लग_लावा
हो भो, तिथेही.

क्रिंपिंगबद्दल एकदाच नीट लिहितो, कारण जळगाव काय आणि पुणे काय, इथेच सगळे घसरतात. १.५ च्या वायरीचं इन्सुलेशन टोपीच्या नळीपेक्षा दोनेक मिमी जास्त सोलायचं. ८ मिमीची नळी असेल तर १० मिमी. तांब्याच्या तारा पिळायच्या नाहीत, जशा आहेत तशा सरळ घालायच्या. पिळल्या की टोपीत मधे पोकळी राहते. इन्सुलेशन प्लॅस्टिकच्या कॉलरमध्ये पुरतं शिरायला हवं आणि पुढच्या टोकाला तारा टोपीच्या काठाशी समतल दिसायला हव्यात. आत बुडालेल्या दिसल्या तर टोपी रिकामी दाबली गेलीय.

प्लायर रॅचेटचा हवा, जो पुरता दाबल्याशिवाय सुटत नाही. पकडीने दाबलेली टोपी पहिल्या दिवशी छान दिसते. दाबल्यावर ओढून बघायचं. १.५ ला ४० न्यूटन, म्हणजे साधारण चार किलो. २.५ ला ५० न्यूटन. टेबलाला वायर बांधून खाली चार किलोचं वजन मिनिटभर टांगायचं, प्लायर बदलला की पहिल्या पाच टोकांवर हे करायचं. मशीनची गरज नाही, तराजूचं माप पुरतं.

टोकाला शिसं लावून स्क्रूखाली घालायचं बंद करा. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू सैल होतो, तापतो, आणखी सरकतं. स्प्रिंगच्या पुश-इन टर्मिनलमध्ये बारीक तारांच्या वायरीला टोपी हवीच. जुन्या पिंजऱ्याच्या स्प्रिंगमध्ये मात्र टोपीशिवायही चालतं.

साकरीचा_सुपरवायझर
टॉर्क? सगळे हाताच्या अंदाजाने कसतात.

लग_लावा
२.५ च्या साध्या स्क्रू टर्मिनलला, म्हणजे एम-३ स्क्रूला, ०.५ ते ०.६ न्यूटन मीटर. मनगटात जोर असलेला माणूस सहज याच्या दुप्पट देतो आणि आटे सोलतो. कॉन्टॅक्टर आणि एमसीबीवर आकडा शेजारीच छापलेला असतो, तो वाचा. टॉर्क ड्रायव्हर एकदा घेतला की दहा वर्षं पुरतो. कसल्यावर स्क्रू आणि बॉडीवर आडवी मार्करची रेघ मारा, सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

एका टर्मिनलमध्ये दोन वायरी कोंबू नका, टर्मिनल त्यासाठी बनलेलं असेल तरच. नाहीतर दोन वायरींची जुळी टोपी मिळते किंवा टर्मिनलला जंपर मिळतो. अर्थची वायर मात्र एका टर्मिनलला एकच, तिथे जुळी वगैरे काही नाही.

अहिराणी_करंट
बठ्ठा पॅनल काया वायरना, बठ्ठा मिस्तरी काया चष्माना. आते कोन कोनले दखी?

धुळ्याची_डिझायनर
@अहिराणी_करंट 😄

आता गंभीर. कंट्रोल सप्लायबद्दल कुणी बोललं नाही, आणि तीन पद्धतींमधला मोठा फरक तिथे आहे. आपल्याकडे एक फेज आणि न्यूट्रल घेऊन २३० ची कॉइल चालवली, संपलं. आयईसी ६०२०४-१ म्हणतं, एसी कंट्रोल असेल तर वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर घाला. एकच मोटार स्टार्टर आणि जास्तीत जास्त दोन कंट्रोल उपकरणं असतील तर सूट. अमेरिकेत कंट्रोल १२० व्होल्टच्या वर नको. आणि मशीनमध्ये न्यूट्रल वापरायचाच असेल तर आयईसीत तो ड्रॉइंगमध्ये स्पष्ट दाखवावा लागतो, आत न्यूट्रल आणि अर्थ जोडायचा नाही हे तर आहेच.

ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं एक टोक अर्थ करायचं आणि कॉइलचं ए-२ (दुसरं टर्मिनल) थेट त्या टोकाला. सगळे संपर्क, म्हणजे इमर्जन्सी, ओव्हरलोड, स्टॉप, स्टार्ट, दुसऱ्या बाजूला. का? स्टार्ट बटणाकडून येणारी वायर घासून बॉडीला लागली तर फेज बॉडीत जातो, एमसीबी पडते, मोटार बंद. हेच संपर्क ए-२ च्या बाजूला असतील तर तीच घासलेली वायर कॉइलचं सर्किट बॉडीतून पुरं करते. मोटार आपोआप सुरू होते आणि स्टॉप दाबून थांबत नाही. जुन्या अमेरिकन ड्रॉइंगमध्ये ओव्हरलोडचा संपर्क कॉइलच्या पलीकडे दिसतो. तो पॅनलच्या आतच राहतो म्हणून तिथे चालवून घेतात, बटणं कधीही नाही.

साकरीचा_सुपरवायझर
आणि ४१५ ची कॉइल? शेतातल्या स्टार्टरमध्ये अजून तीच असते, न्यूट्रलची गरजच नाही.

धुळ्याची_डिझायनर
दादा, तीच तर वाईट. कॉइल आर आणि वायच्या मधे आहे, स्टॉप आरच्या बाजूला. स्टॉप आणि कॉइलच्या मधली वायर चिखलात अर्थ झाली. आरचा फ्यूज उडाला. छान वाटतं, पण आता कॉइलला अर्थ आणि वायमधून २४० मिळतात. २४० म्हणजे ४१५ चे ५८ टक्के. इतक्यावर कॉन्टॅक्टर उचलणार नाही, पण उचललेला सोडेलच असंही नाही. मानकानुसार एसी कॉन्टॅक्टर ७५ ते २० टक्क्यांच्या मधे कुठेही सोडू शकतो. आता स्टॉप दाबा, काही होणार नाही, कारण स्टॉप उडालेल्या फ्यूजच्या बाजूला आहे.

वांग्याचं_भरीत
कॉइलवरून विचारतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टर खडखडतात. वायरिंगचा दोष की सप्लायचा?

फेज_क्रम
सप्लायचा. कॉइल ८५ ते ११० टक्क्यांत खात्रीने चालली पाहिजे एवढंच बंधन बनवणाऱ्यावर असतं. २३० ला ते १९५ ते २५३. शेवटच्या पोलवर १८० आले तर कॉन्टॅक्टर अर्धवट उचलतो, संपर्क ठिणग्या मारत चिकटतात. २४ व्होल्ट डीसीच्या कॉइली आणि मोठ्या इनपुट रेंजची एसएमपीएस घातली की हा आजार जातो. एसएमपीएस शंभराच्या आसपासपर्यंत खाली उतरली तरी बाहेर २४ च देते.

कॉइल सोडताना उसळणारं व्होल्टेज दाबायला डीसी कॉइलला उलटा डायोड लावा, एसीला आर-सी (रेझिस्टर-कपॅसिटर). डायोडमुळे कॉइल सोडायला उशीर लागतो हे लक्षात ठेवा. ब्रेकच्या किंवा सुरक्षेच्या कॉन्टॅक्टरला साध्या डायोडऐवजी व्हॅरिस्टर घ्या.

जिनिंगवाला
सगळं ठीक, पण उन्हाचं काय? आयईसी ६१४३९ मध्ये घरातल्या पॅनलसाठी हवेचं तापमान जास्तीत जास्त ४० आणि दिवसभराची सरासरी ३५ धरलेली आहे. मे महिन्यात भुसावळला हे वाचून हसू येतं.

हिशोब करा. ८०० रुंद, १८०० उंच, ४०० खोल पॅनल भिंतीला टेकून. उष्णता टाकणारं क्षेत्रफळ धरायचं सूत्र आहे: १.४ गुणिले रुंदी गुणिले उंची-खोलीची बेरीज, अधिक १.८ गुणिले खोली गुणिले उंची. मीटरमध्ये घातलं की पावणेचार चौरस मीटर येतात. रंगवलेल्या पत्र्याला चौरस मीटरमागे अंशाला ५.५ वॅट. म्हणजे आतला एक अंश वाढला की २० वॅट बाहेर जातात. ७.५ किलोवॅटचा ड्राइव्ह ३ टक्क्यांच्या आसपास उष्णतेत घालवतो, सव्वादोनशे वॅट. एसएमपीएस, कॉन्टॅक्टर, ट्रान्सफॉर्मरचे आणखी ७५ धरा. तीनशे भागिले वीस, पंधरा अंश. बाहेर ४५ असेल तर आत ६०.

साठला काय होतं? एमसीबी ३० अंशांवर कॅलिब्रेट केलेली असते, १६ ची १४ च्या आसपास वागते, आणि दाटीवाटीने लावल्या तर त्याहून कमी. बहुतेक ड्राइव्हचं पूर्ण रेटिंग ४० किंवा ५० अंशांपर्यंतच. पीव्हीसी वायर ७० ला संपते, तिला करंटने तापायला उरले दहा अंश.

केळीचा_घड
फॅन लावा ना मग.

जिनिंगवाला
फॅन बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तीनशे वॅटला दहा अंशांचा फरक राखायचा तर ताशी साधारण ९३ घनमीटर हवा हवी, म्हणजे आत ५५. त्यात जिनिंगमध्ये फिल्टर दोन दिवसांत सरकीच्या तंतूंनी गादीसारखा भरतो, डाळ मिलमध्ये चुनीचा थर, नंदुरबारकडे मिरचीची पूड. चोंदलेला फिल्टर म्हणजे फॅन नसल्यापेक्षा वाईट, कारण तो आहे म्हणून सगळे निर्धास्त.

त्यापेक्षा ड्राइव्हचा हीट सिंक पॅनलच्या पाठीमागे बाहेर काढता येणारं मॉडेल घ्या, मोठी उष्णता आत येतच नाही. पत्रा आयपी ५४ किंवा ५५ चा (धूळ-पाणी अडवायचा दर्जा), खालून ग्लँड, न वापरलेल्या भोकांना बूच. एक उघडं भोक म्हणजे उंदराला आमंत्रण. पॅनल पश्चिमेच्या भिंतीला उभं करू नका, दुपारनंतर ती भिंतच तवा होते.

धुळ्याची_डिझायनर
सहमत. पण ड्राइव्ह दोन असतील तर खोलीलाच एसी लावणं स्वस्त पडतं. पॅनलच्या दारावरच्या एसीचं पाणी आत गळालं की बघायला नको.

जिनिंगवाला
गळतं ते ड्रेन पाइप चोंदल्याने आणि दार उघडं ठेवून एसी चालवल्याने. बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड पत्र्यावर घाम फुटतो. दाराला स्विच लावा, दार उघडलं की एसी बंद.

दारावरचा_दिवा
तापमान पुरे, दिव्यांवर या. आपल्या एमसीसीत मोटार चालू असली की लाल दिवा, बंद असली की हिरवा, ट्रिपला अंबर. सबस्टेशनची परंपरा. लाल म्हणजे इथे करंट आहे, हात लावू नका. आयईसीत लाल म्हणजे आणीबाणी, पिवळा म्हणजे काहीतरी बिघडतंय, हिरवा म्हणजे ठीक चाललंय, निळा म्हणजे ऑपरेटरने काहीतरी करायलाच हवं, पांढरा बाकी सगळ्याला. म्हणजे त्याच मशीनवर चालू मोटारीला एक हिरवा लावतो, एक लाल.

बटणांचं आणखी गमतीचं. आपण स्टार्ट हिरवं आणि स्टॉप लाल. आयईसीची पहिली पसंती स्टार्ट पांढरं आणि स्टॉप काळं! हिरवं-लाल चालतं, पण लाल स्टॉप इमर्जन्सीच्या शेजारी नको. स्टार्टला लाल आणि स्टॉपला हिरवं कुठेच चालत नाही.

केळीचा_घड
आणि निळं बटण?

दारावरचा_दिवा
रिसेट. सुटका नाही तुझी निळ्यातून.

दीपनगरी
अर्थिंगचा मुद्दा राहिला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २५० व्होल्टच्या वर आणि ६५० पर्यंत प्रत्येक मोटारीच्या आणि कंट्रोल उपकरणाच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ हवेत. आधीच्या १९५६ च्या नियमांतही होते, २०२३ च्या नियमांतही आहेत. युरोपचं पॅनल एका पीई (अर्थच्या) पट्टीवर येतं, त्यांच्या हिशोबात ते बरोबर आहे. इथे उभं करताना बॉडीला दोन्ही बाजूंना एकेक स्टड आणि दोन वेगळ्या पट्ट्या वेगळ्या अर्थ पिटाकडे. स्टडखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर. रंगावर बसवलेला स्टड म्हणजे शोभेचा.

पीईची जाडी: फेज १६ चौरस मिमीपर्यंत तितकीच, १६ ते ३५ ला १६, त्याच्या वर फेजच्या निम्मी. दारावर बटणं-दिवे असतील तर दाराला वेणीची पट्टी हवी, बिजागरीवर भरवसा नको. पॅनलपुढे रबरी मॅट आयएस १५६५२ ची. गाडीच्या दुकानातली मॅट टाकून तपासणीच्या दिवशी लाज काढू नका.

फेज_क्रम
त्यात ड्राइव्हची भर. मोटारीच्या केबलची जाळी पत्र्यावर गोलाकार पूर्ण क्लँपखाली दाबा, दोन्ही टोकांना. जाळी पिळून शेपटी करून टर्मिनलला लावली की हाय फ्रिक्वेन्सीला ती नसल्यासारखीच. मोटारीची आणि एनालॉगची (सिग्नलची) केबल एकमेकींपासून २० सेंमी दूर, आणि ओलांडायचीच तर काटकोनात.

परदेशी_पाहुणा
अमेरिकेच्या पॅनलबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून. रंग सोपे: पॉवर काळी, एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळी, अर्थ केलेली एसी वायर पांढरी किंवा करडी, अर्थ केलेला डीसीचा शून्य पांढऱ्यावर निळी रेघ, बाहेरून जिवंत येणारी नारिंगी, पूर्वी पिवळी असायची. म्हणजे आपला काळा न्यूट्रल तिथे चक्क फेज, आणि आपल्या डोळ्याला करडी म्हणजे कंट्रोल, ती तिथे न्यूट्रल.

पण रंगाने तिथे कुणी नापास होत नाही. नापास होतात ते दोन गोष्टींवर. एक, एमसीबी. इथे मिळणारी साधी एमसीबी तिकडे यूएल १०७७ मध्ये (यूएल ही तिथली सुरक्षा मानकांची संस्था) मोडते, म्हणजे पूरक संरक्षण. मोटारीच्या किंवा सॉकेटच्या फांदीला ती एकटी चालत नाही. तिथे यूएल ४८९ चा ब्रेकर किंवा क्लास सीसी, क्लास जे फ्यूज हवा. दिसायला दोन्ही सारखेच, किंमत आणि छाप वेगळे.

दोन, शॉर्ट सर्किटचा आकडा. पॅनल किती शॉर्ट सर्किट करंट झेलू शकतं तो आकडा, एससीसीआर, पाटीवर छापावाच लागतो, आणि तो पॉवर सर्किटमधल्या सगळ्यात कच्च्या वस्तूइतका असतो. तपासलेलं कॉम्बिनेशन नसेल तर तक्त्यातले आकडे धरायचे. लहान कॉन्टॅक्टर ५ किलोअँपियर, टर्मिनल ब्लॉक १० आणि पूरक संरक्षण फक्त ०.२. एक चुकीची एमसीबी आणि अख्ख्या पॅनलची पाटी २०० अँपियरची. ग्राहकाच्या जागी वीस-तीस किलोअँपियर असतात, तो पॅनल उतरवूनच घेणार नाही.

वायरही आयएस ६९४ ची चालणार नाही, कितीही जाड घेतली तरी. यूएल छापाची एमटीडब्ल्यू (मशीनसाठीची वायर) मागवा. त्यांची १४ नंबर म्हणजे २.०८ चौरस मिमी, आपली १.५ तिच्या जागी बसत नाही. सप्लाय ४८० व्होल्ट ६० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर ४८० ते १२० आणि कॉइलवर ६० हर्ट्झ छापलेलं तपासा.

साकरीचा_सुपरवायझर
एकच पॅनल तिन्हीकडे चालेल का हा मूळ प्रश्न होता. मला वाटतं सगळीकडे अमेरिकेचा माल घातला तर चालून जाईल.

परदेशी_पाहुणा
खर्च वाढेल आणि तरी चालणार नाही. युरोपात निळी न्यूट्रल पाहिजे, पांढरी नाही. इथे दोन अर्थ पाहिजेत. समान ठेवता येतं ते एवढंच: ड्रॉइंगची पद्धत, वायर नंबर, प्लेटची मांडणी, २४ व्होल्टचं कंट्रोल आणि क्रिंपिंगची शिस्त. २४ व्होल्ट ठेवलं की १२० आणि २३० चा वादच मिटतो. डीसीची निळी युरोप-अमेरिका दोन्हीकडे निळीच. शून्याची तेवढी वेगळी.

तारेवरची_कसरत
मंडळी, मानलं. आलेल्या पॅनलच्या आत हात घालत नाही. येणाऱ्या केबलच्या टोकांना आपल्या रंगाच्या हीट श्रिंक नळ्या घालतो: एल-१ ला लाल, एल-२ ला पिवळी, एल-३ ला निळी, न्यूट्रलला काळी. दारावर आतून पाटी, की या पॅनलमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल. दुसरा अर्थ स्टड बसवतो. जाणाऱ्या दोन पॅनलना कंट्रोल २४ डीसी, बाकी ज्याचं त्याला.

धुळ्याची_डिझायनर
थांबा. एल-३ च्या करड्या वायरीला निळी नळी आणि शेजारी खरी निळी न्यूट्रल वायर, तिला काळी नळी. एकाच टर्मिनल पट्टीवर दोन निळ्या, एक फेज आणि एक न्यूट्रल, आणि दोन काळ्या, एक फेज आणि एक न्यूट्रल. नळी सरकली की पुन्हा तेच. केबलच्या टोकाला रंग देऊच नका. पांढरी नळी घाला आणि तिच्यावर छापा: एल-१ आर, एल-२ वाय, एल-३ बी, एन. अक्षराला रंग नसतो.

तारेवरची_कसरत
पांढरी नळी. लिहून घेतलं.

केळीचा_घड
पांढरी अमेरिकेत न्यूट्रल ना पण?

परदेशी_पाहुणा
हे पॅनल डाळ मिलमध्ये आहे रे. तू झोप आता.